दहा पसंती आणि शेवटची एसटी

२०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि भडगाव तालुक्यातल्या पोरांपुढं नवंच काम येऊन पडलं. तोवर इथं अकरावीचा प्रवेश म्हणजे गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर जायचं, फॉर्म भरायचा, पावती घ्यायची आणि घरी यायचं. ऑनलाइन फेऱ्या, कटऑफ, रिक्त जागा हे सगळं मुंबई-पुणे-नाशिकच्या बातम्यांत वाचायचं. त्या वर्षी शासनानं केंद्रीभूत प्रवेश अख्ख्या राज्याला लागू केला. शंभर रुपये भरून नोंदणी, पहिल्या भागात स्वतःची माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायचं.

ही शेवटची अट फार थोड्या पालकांना ठाऊक होती. नेटकॅफेवर फॉर्म भरून घेणाऱ्यांची रांग लागली. फॉर्म भरणारा घाईत. समोरच्यानं शाखा सांगितली की यादीत जे दिसेल ते टाकून मोकळा. एका मुलाच्या दहा पसंतींत पाचोरा, चाळीसगाव, एरंडोल, जळगाव असं सगळंच आलं होतं, आणि पहिल्या क्रमांकावरचं कॉलेज असं होतं की रोज जाऊन-येऊन शिकायचं तर त्याला अंधारात घर सोडावं लागलं असतं. दहा जागा दिल्यात म्हणजे दहा भराव्याच लागतात, अशी त्याची समजूत. वडलांना तर पसंतीक्रम म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची यादी दुरुस्त झाली ती तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत. तिथं लॅपटॉप उघडून बसलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी त्याला कॉलेजबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुमच्या गावाला शेवटची एसटी किती वाजता येते?”

मॅडम नववी-दहावीला शिकवतात. माहेर अमळनेर तालुक्यात, सासर भडगावचं. शाळेच्या कामवाटपाच्या तक्त्यात सहल, हरित सेना, पोषण आहार यांच्या ओळीत ‘मार्गदर्शन व समुपदेशन’ असंही एक खातं असतं. ते बरीच वर्षं त्यांच्या नावापुढं आहे. त्याला वेगळी तासिका नाही, वेगळी खोलीही नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पुढचा वेळ त्यांनी या कामाला दिला.

जागा मात्र त्यांनी विचार करून निवडली. मुख्याध्यापकांच्या दालनात सारखी ये-जा. शिक्षक खोलीत चार माणसं कायम बसलेली. प्रयोगशाळेला दार आहे, आत बोललेलं व्हरांड्यात ऐकू जात नाही. शिवाय तिथं जाताना दिसलं तरी कुणी काही विचारत नाही, कारण जर्नल पुरं करायला सगळेच तिथं जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला ‘तुला मॅडमनी का बोलावलं?’ या प्रश्नाची किती धास्ती असते, हे मुलांत वावरलेल्या कुणालाही कळेल. त्या धास्तीपायी तो येतच नाही. मग बाकीचं सगळं ज्ञान वाया.

दुसरी गोष्ट बोलीची. भडगाव-पाचोऱ्याकडं घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, आणि सेमीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून. मुलं मराठीत उत्तर देतात ती धड्याखालच्या प्रश्नाला दिल्यासारखी: “हो मॅडम, नाही मॅडम, अभ्यास करेन मॅडम.” मॅडम जर्नल बाजूला ठेवून “काय व्हयनं रे भाऊ?” म्हणाल्या की पोरगं आधी चमकतं, मग हसतं, आणि बोलायला लागतं. घरातलं भांडण, बापाचं कर्ज, बहिणीचं लग्न, या गोष्टी त्याच्या मनात मुळात त्याच बोलीत असतात.

एक मुलगा आठवण्यासारखा. सेमीचा, गुण सत्तरच्या वर, वडलांचा हट्ट एकच: सायन्स. मुलगा कधी ‘नाही’ म्हणाला नाही, पण सायन्सचा विषय निघाला की मान खाली. प्रयोगशाळेतल्या कपाटात विद्युत मोटारीचं जुनं मॉडेल पडून होतं. मॅडमनी ते टेबलावर ठेवलं आणि काही न विचारता हजेरीपट भरत बसल्या. त्यानं ते उचललं, आर्मेचर बोटानं फिरवून पाहिलं आणि म्हणाला की कॉईल तुटलीय. मग तो जो सुटला तो थांबेना. गावात त्याच्या मामाचं मोटारी भरायचं दुकान. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि दाब कमी-जास्त झाला की सबमर्सिबल जळून येतात. जळालेली कॉईल ठोकून काढायची, टाकून देण्याआधी तिचे आटे मोजून वहीत लिहून ठेवायचे, तारेचा गेज बघायचा, खाचांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, मग तेवढेच आटे नव्या तारेचे. वार्निश करून नीट वाळवली नाही तर मोटार महिनाभरात परत येते, आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. हे सगळं तो सहावीपासून बघत होता आणि आठवीपासून करत होता. चुंबकीय क्षेत्रावरच्या धड्याला मात्र त्याला जेमतेम गुण.

वडलांना शाळेत बोलावलं तेव्हा मॅडमनी ‘त्याला आवड आहे’ हा शब्द तोंडातून काढला नाही. कापसाच्या पैशांवर वर्ष काढणाऱ्या माणसापुढं आवड हा युक्तिवाद फार टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही चूक आहे. त्यांनी वाट मांडली. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड. तो झाला की पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. मधेच नोकरी करायची वेळ आली, तर महावितरणमध्ये विद्युत सहायकाची भरती निघते ती याच ट्रेडच्या मुलांसाठी. बाप ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, “पण मॅडम, चार लोकांत आयटीआय सांगायला लागतं ना?” हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नसतो. खान्देशात मुलाच्या शिक्षणाची चौकशी सोयरिकीच्या बैठकीत होते आणि बापाला तिथं उत्तर द्यावं लागतं. मॅडम म्हणाल्या, “आज आयटीआय सांगा, सात वर्षांनी इंजिनिअर सांगता येईल. सायन्स घेऊन बारावीला अडकला तर काय सांगाल?” मुलानं आयटीआय घेतलं.

आवड मोजायचा प्रयत्न शासनानंही करून पाहिला, तोही मोठ्या आकारात. २०१६ च्या सुरुवातीला श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्यानं दहावीच्या राज्यभरच्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन कल चाचणी झाली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं. मोजके संगणक, अधूनमधून जाणारी वीज, रेंगाळणारं नेट, आणि पाळीपाळीनं आत सोडलेली मुलं असा तो सोहळा खेड्यातल्या शाळांनी पार पाडला. पुढं ही चाचणी मोबाइलवर आली, तिच्यात अभिक्षमतेची भर पडली, आणि करोनाच्या काळात ती बंद झाली. त्याच करोनात, २०२० च्या मे महिन्यात, युनिसेफच्या मदतीनं महाकरिअर पोर्टल आलं. साडेपाचशेहून जास्त करिअरची माहिती त्यात आहे आणि मुलाला सरल आयडीनं ते उघडता येतं.

मॅडमना कल चाचणी उपयोगाची वाटली, पण तिचा उपयोग कागद हातात पडल्यानंतर सुरू होतो, हे त्यांच्या पहिल्याच वर्षी ध्यानात आलं. ‘गणवेशधारी सेवा’ असा अहवाल आलेल्या मुलांना तो कागद म्हणजे भरतीचं पत्रच वाटलं. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं या भागात कुठंही दिसतात. पोलीस शिपाई व्हायचं तर आधी बारावी पास व्हावं लागतं, मुलांना उंची १६५ सेंटिमीटर आणि मुलींना १५५ लागते, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणं, गोळाफेक, आणि वर १०० गुणांची लेखी परीक्षा असते, हे धावणाऱ्यांपैकी कित्येकांना माहीत नव्हतं. दहावीला गणित सोडून दिलेला मुलगा मैदानात पहिला येऊन लेखीत मागं पडतो. मॅडमनी प्रयोगशाळेच्या दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा केल्या आणि धावणाऱ्या पोरांना अंकगणिताचा वेगळा अभ्यास दिला. अहवालातला कल आणि चौकटीवरची खूण एकत्र पाहिली की मुलगा आपल्याबद्दल खरा विचार करायला लागतो. उंचीत न बसणाऱ्या एकाला वाईट वाटलं, त्यानं दोन आठवडे तोंड दाखवलं नाही. पण ते पंधराव्या वर्षी कळलं, बाविसाव्या वर्षी नाही.

हे काम खान्देशाला तसं नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालय त्यांच्याकडं होतं. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक रोज हातानं लिहून काढत. त्यातून ते मुलांच्या रोजच्या वागण्याबद्दल, वाचनाबद्दल, जगातल्या घडामोडींबद्दल बोलत. मुलांची अंथरुणं आवरणं, आजाऱ्याची शुश्रूषा करणं हेही त्यांनी केलं. त्याला तेव्हा समुपदेशन कुणी म्हटलं नाही. पण वसतिगृहात उतरलेल्या खेड्यातल्या मुलाला घर सोडल्यावर जे एक माणूस लागतं, ते तिथं होतं. मॅडमच्या माहेरी या आठवणी अजून घराघरांत निघतात. शनिवारच्या कामामागं थोडी ती हवा असणारच.

सरकारी पातळीवरही सुरुवात जुनी आहे. मुंबई सरकारनं १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं आणि पुढं त्याची मोठी संस्था झाली. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्टर’ तयार करायची पद्धत तिथूनच राज्यभर गेली. ज्ञान प्रबोधिनी पुण्यात १९६२ मध्ये सुरू झाली आणि तिनं मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम नेटानं उभं केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली, आणि तिच्या ‘वेध’ या व्यवसाय-परिषदेनं मुलांपुढं वेगवेगळ्या वाटेनं गेलेली जिवंत माणसं आणून उभी केली. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशननं स्पर्धा परीक्षांसाठी खेड्यातल्या मुलांना हात दिला. हे सगळं मोलाचं आहे. पण ते शहरात आहे. भडगावच्या नववीतल्या मुलीपर्यंत ते व्हिडिओमधून येतं, तेही घरातला एकुलता फोन भावाच्या हातात नसेल तेव्हा.

शनिवारच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ जातो तो कागदपत्रांवर. मार्गदर्शनावरच्या पुस्तकांत या विषयाला फार जागा नसते, पण तालुक्याच्या गावी अर्धं मार्गदर्शन तेच आहे. निकाल लागला की सेतू केंद्रावर एकदम गर्दी होते, सर्व्हर मंदावतो, आणि पॉलिटेक्निकची तारीख दाखल्यावाचून निघून जाते. म्हणून मॅडमनी प्रयोगशाळेत आवर्तसारणीच्या शेजारी एक तक्ता लावला. जातीचा दाखला आणि डोमिसाईल नववीच्या दिवाळीत. आधारवरचं नाव, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि बँकेच्या पासबुकातलं नाव जुळतं का ते बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी, कारण गुणपत्रिकेवर एकदा चुकीचं नाव छापून आलं की दुरुस्तीला चपला झिजतात. उत्पन्नाचा दाखला मात्र आधी काढायचा नाही. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. जानेवारीत हौसेनं काढला तर जूनमध्ये कामाचा राहत नाही. तो एप्रिलमध्ये. नॉन-क्रिमीलेअरची मुदतही मार्चअखेरीला बांधलेली, तेव्हा त्यावरची तारीख वाचून घ्यायची.

त्याच तक्त्यात आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएसची ओळ आहे. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची ही परीक्षा पास होऊन निवड झाली, की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. एका मुलाचं चार वर्षांचं शिक्षण त्यात बऱ्यापैकी निघतं. पालकसभेला दांडी मारणारे बापही ही ओळ वाचायला येतात.

मग अंतराचा हिशेब. एकाच तालुक्यात तो किती बदलतो! कजगावला मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे. तिथल्या मुलाला गाडीनं चाळीसगाव सोयीचं. भडगावातल्या मुलाला पाचोरा बसनं जवळ. गुढे, कोळगाव, वाडे अशा गावांतून येणाऱ्यांचं सगळं गणित एसटीच्या वेळेवर. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना पासात ६६.६७ टक्के सवलत. तरी पास फुकट असणं आणि संध्याकाळी क्लास सुटल्यावर गाडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. मुलींच्या बाबतीत तर कोणती शाखा, कोणतं कॉलेज, पुढं शिकायचं की नाही, हे सगळं त्या गाडीवर येऊन अडतं. म्हणून दहा पसंती भरलेल्या त्या मुलाला मॅडमनी जो पहिला प्रश्न विचारला, तो त्या प्रत्येकालाच विचारतात. कॉलेजचं नाव त्यानंतर.

दहावीच्या वर्गातली एक मुलगी डिसेंबरात गप्प झाली. सराव परीक्षेत पेपर अर्धा कोरा. मैत्रिणीकडून कळलं की पाहुणे बघून गेलेत आणि उन्हाळ्यात बार उडवायचं घाटतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांत अठरा पुरी व्हायच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २१.९ टक्के निघालं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, गावात ग्रामसेवक हा त्याचा अधिकारी आहे, १०९८ हा क्रमांक आहे. हे सगळं मॅडमना पाठ होतं. तरी त्या आधी घरी गेल्या, आणि जाताना गावातल्या अंगणवाडी सेविकेला सोबत घेतलं.

ओट्यावर आजी बसलेल्या, वडील आणि काका उभे. चहा झाला, कापसाचा भाव झाला. आजी म्हणाल्या, “माय, अंडेर शे, घरमा कथलोक ठेवी?” मॅडमनी वाद घातला नाही. आजींचं स्वतःचं लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं, पहिलं बाळंतपण कसं गेलं ते विचारलं. आजी बोलत गेल्या आणि सून आत ओढणीनं डोळे पुसत राहिली. वडलांचं मात्र निराळंच होतं. त्यांना शिक्षणाचं वावडं नव्हतं, खर्चाचीही तक्रार नव्हती. पोरगी पाचोऱ्याला शिकायला गेली आणि संध्याकाळची गाडी चुकली तर काय, या एका काळजीनं माणूस घेरला होता. ती काळजी खोटी नाही. तिला मोठमोठे शब्द सुनावून उपयोग नव्हता. त्यामुळं बोलणं उतरलं ते तपशिलात: अकरावी-बारावी भडगावातच, गावातल्या अजून तीन मुली त्याच गाडीला, पुढं नर्सिंगला जीएनएम करायचं तर वसतिगृह बघून घ्यायचं. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघालाय, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींनाही तो लागू आहे, हे काकांनी दोनदा विचारून घेतलं. अठराच्या आत लग्न केलं तर काय होतं ते मॅडमनी निघताना, उभ्याउभ्या, साध्या आवाजात सांगितलं. तेही सांगावंच लागतं.

ती मुलगी अकरावीला बसली. तिच्याच वर्गातली दुसरी एक मात्र दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. कुटुंब ऊसतोडीला निघून गेलं होतं आणि परत आलं तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मॅडम तिच्याबद्दल बोलताना थांबतात. ऊस तोडायला जाणाऱ्या घरातल्या मुलींसाठी ऑक्टोबरच्या आधीच काहीतरी व्हायला हवं, एवढं बोलून मॅडम त्या महिन्यात काय करता येईल ते सांगू लागतात: हंगामी वसतिगृह, नाहीतर आजीजवळ ठेवणं, नाहीतर मावशीकडं.

नववीत झोपणारा मुलगा ही वेगळीच कथा. पहिल्या तासालाच मान टाकायचा. शिक्षक रागवायचे, उभं करायचे, त्याच्या वहीत ‘आळशी’ असा शेरा. मोबाइल बघत जागतो, असा सगळ्यांचा कयास. प्रयोगशाळेत दोन-तीनदा येऊन गेल्यावर त्यानं सांगितलं की त्यांच्या फिडरला शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. वडलांना रात्रीचं दिसत नाही आणि गव्हाचं भरणं चालू. बॅटरी धरायला आणि बारं मोडायला तो जातो. इथं ना चाचणी हवी होती ना उपचार. मॅडमनी वर्गशिक्षकांशी बोलून रात्रपाळीच्या दिवसांत त्याला पहिल्या तासाची सूट मिळवली, आणि वडलांना डोळे तपासायला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. आळशीपणाचा शेरा ज्या शिक्षकांनी दिला होता त्यांनीच पुढं त्याला गणिताचा राहिलेला भाग शिकवला. शिक्षकाला मुलाची रात्र माहीत झाली की त्याचा दिवसही वेगळा दिसतो. शाळेत असा बदल घडवायला एक माणूस आणि बंद दार असलेली एक खोली पुरते, पण ती लागतेच.

सगळंच असं सुटत नाही. हाताला कंप सुटणारी, जेवण सोडलेली, ‘मला काहीच नको’ असं पुन्हा पुन्हा म्हणणारी मुलं येतात. तिथं शिक्षकानं डॉक्टर व्हायचं नसतं, हे मॅडम फार ठामपणे सांगतात. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. जळगावच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. परीक्षेच्या दिवसांत बोर्डाचे समुपदेशकही फोनवर असतात. जळगाव-धुळ्याची मुलं नाशिक विभागीय मंडळाकडं. मुलानं सांगितलेलं गुपित राहतं, पण जिवाला धोका असेल किंवा कुणी अंगाला हात लावला असेल तर राहत नाही. पॉक्सो कायद्यानं तर अशी गोष्ट कळवणं बंधनकारकच केलंय. हे मॅडम प्रत्येक मुलाला बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगतात. आधी सांगितलं की मुलाचा विश्वास मोडत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं केली, आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढं होता: १,७६४. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, असे निर्देश दिले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं, असंही म्हटलं. भडगाव तालुक्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळा शंभरच्या वरच्या आहेत. पण विज्ञान शिकवणाऱ्या, पेपर तपासणाऱ्या, निवडणुकीच्या कामाला जाणाऱ्या शिक्षिकेनं शनिवारी सुट्टीनंतर करायचं हे काम नाही. तिनं ते जीव लावून केलं म्हणून व्यवस्थेनं सुटका करून घेऊ नये.

उपाय साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं माध्यमिक शाळांसाठी कमीत कमी एवढं तरी करा म्हणून सुचवलं होतं, की जवळपासच्या दर दहा शाळांमागं एक फिरता समुपदेशक असावा. भडगावसाठी ही कल्पना अगदी बेतून केल्यासारखी आहे. गिरणेच्या दोन्ही काठांवरच्या शाळा, कजगावच्या बाजूच्या शाळा, गावातल्या शाळा; एका माणसाला मोटरसायकलवर आठवड्यात फिरता येतील इतक्या जवळ. त्याला अहिराणी यावी. त्याला एसटीचं वेळापत्रक, आयटीआयचे ट्रेड आणि सेतू केंद्राची कामाची पद्धत माहीत हवी, आणि मानसशास्त्राचं रीतसर शिक्षणही हवं. मॅडमनी हे संस्थेच्या बैठकीत मांडलं. दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी निम्मा-निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. बाकीच्यांशी बोलणं सुरू आहे.

तोवर शनिवार चालू आहेत. दहावीला एक-दोन विषयांत गेलेल्या मुलांसाठी निकालानंतर लगेच फेरपरीक्षा असते. २०१५ पासूनची ही सोय, आणि एटीकेटीवर अकरावीत बसताही येतं. पण नापास झालेलं पोरगं निकालाच्या दिवशी शाळेत येत नाही. मॅडम आदल्या दिवशीच सगळ्या वर्गाला सांगून ठेवतात की गुणपत्रिका काहीही असो, दुसऱ्या दिवशी अकराला प्रयोगशाळेत भेटायचं. जे येत नाहीत त्यांच्या घरी वर्गातला मित्र पाठवला जातो. यंदाही तसंच झालं. गणितात गेलेल्यांचा वेगळा गट बसला, फेरपरीक्षेचे फॉर्म भरले गेले. फेरपरीक्षेच्या निकालानंतर आयटीआयच्या उरलेल्या जागांची फेरी लागली, तेव्हा मॅडमनी मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे दोन-दोन संच घेऊन मुलांना पाठवलं. दोघांना फिटर मिळालं, एकाला वेल्डर, आणि गणितात दोनदा गेलेल्या एका मुलीला शिवणकामाचा ट्रेड. तिच्या आईचा संध्याकाळी फोन आला: वर्ग किती वाजता सुटतो, आणि त्या वेळेला गाडी आहे का?